चहाच्या रंगाचं पाणी

सोलापूर, १२ ऑगस्ट २०२४
दुसरा श्रावणी सोमवार

चंद्रिकाबाई, विहीणबाई,

तुमचा गुडघा कसा हाय ते शेवटाला इचारते, आदी मला सांगू द्या. मी लई खुशीत हाय. उपास हाय, पोटात नुसती साबुदाण्याची खिचडी हाय, तरी गाणं म्हणावं वाटतंय. कारण आज काचंच्या पेटीत मासं सोडलं. व्हय, त्याच पेटीत. माझ्या नातीच्या.

नव्या पेठेच्या मागल्या बोळात इसूफभाईंचं माशांचं दुकान हाय. इसूफभाई नमाजला गेले की त्यांची लेक सना गल्ल्यावर बसती. मी तिला जाऊन म्हणलं, रॅम मासे दे, नर-मादी. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे ठिपके, डोळा लाल, डोळ्यातनं काळी रेघ. ती म्हणली, "नानी, आज मछली नै देती मैं. पैले एक म्हैना खाली पानी पालो."

मी म्हणलं, अगं म्हशी पाळल्या, कोंबड्या पाळल्या, पाणी पाळल्यालं कधी ऐकलं न्हाई. मंग तिनं समजावलं. पाण्यात डोळ्याला न दिसणारं कायतरी जल्मतं. ते स्पंजात घर करतं आन् माशाची घाण खातं. ते असलं तर मासा जगतो. ते धुऊन काढलं की मासा मेला. हे ऐकलं तवा मला तुमची आठवण आली, विहीणबाई. लई आली.

मंग काय, आषाढभर मी नुसतं पाणी पाळलं. पंप बुडबुडतोय, दिवा लागतोय, आत काय न्हाई. शेजारची सावित्रम्मा रोज डोकावून जायची. तिच्या घरात माग हायत, दिसभर खटखट चालती, तरी माझ्याकडं यायला तिला येळ असतो. "अक्का, आज पाण्यानं काय खाल्लं?" म्हणायची. हसू दे. आज जोडी सोडली तवा तीच पयली धावत आली.

तुमी विसरला असाल तर आठवण देते. मे महिन्यात पोरांचं सामान पुण्याला हलवायच्या आदी आमी सगळी वेळापूरला, माझ्या म्हायेरी, देवाला अभिषेक घालायला गेलो. तुमचा गुडघा दुखत हुता, तुमी घरी राहिलासा. सांजच्याला परत आलो तर पेटी अशी लखलखीत की भांग पाडावा. आन् रुजूचे दोन्ही मासे, भिमा आन् सीना, आडवे. पोरीनं पिशवी दारातच टाकली.

तवा तुमी काय म्हणालासा ते माझ्या कानात अजून हाय. "सकाळी विहीणबाईंनी भाकरीचा चुरा टाकला होता, मी बघितला. त्यांना तरी काय कळणार, मायेनं टाकला असेल." मायेनं म्हणालासा. चुकून म्हणाला असता तर मी भांडले असते. मायेनं म्हणल्यावर मला तोंडच राहिलं न्हाई. सगळी माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मी लहान लेकरू हाय आन् अंथरूण वलं केलंय.

मी भाकरी टाकली न्हवती. पेटीजवळ नाक नेलं तर लिंबाचा वास. आमच्या घरात भांड्याला पिवळी वडी असती. लिंबाच्या वासाचा पातळ साबण तुमी तुमच्या पिशवीतनं आणलावता, आमच्या भांड्यांची तुमाला किळस येती म्हणून. खड्यात हिरव्या घासणीचा तुकडा बी घावला. तो ठिवला न्हाई, फेकला. मला पुरावा नको. मला तुमच्या तोंडानं पायजे.

ऋतुजा माझ्याशी बोलत न्हाई. फोनवर "बरी आहे" म्हणती आन् तिच्या आईकडं, तुमच्या रेश्माकडं देती. जी पोरगी माझ्या ताटातली वांग्याची देठं उचलून चोखायची, ती.

तर एवढंच सांगायचं. दिवाळीपातुर तुमीच रुजूला सांगा, साबण मी लावला. तीन शबुद हायत. न्हाई सांगितलं तर मी काय करीन ते मला बी अजून ठाऊक न्हाई, पण मजेत करीन.

गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधा.

मासेवाली,
सारजाबाई


सोलापूर, २० सप्टेंबर २०२४

विहीणबाई,

तुमचं उत्तर आलं न्हाई, पण पत्र पोचलं ते कळलं. अभिमन्यूचा फोन आलावता. "आई, तू सासूबाईंना काय लिहिलंस गं?"

"माशांची ख्यालीखुशाली."

"मग त्या दोन दिवस जेवल्या का नाहीत?"

त्या दिशी मी शिरा केला. बेदाणे घालून.

तुमी माझ्या लेकाला म्हणालासा म्हणं, "त्यांचं वय झालंय, काहीबाही लिहितात." असू दे. वय झालंय खरं. शाळा तर तिसरीपातुरच झाली, पण लिवायला लागलं की हात थांबत न्हाई. फोनवर तुमी कट करता. कागदाला कट करता येत न्हाई.

मधी लई घाबरायची पाळी आली, ते सांगते. आमच्या नळाला चार-पाच दिसाला पाणी येतं ते तुमाला ठाऊकच हाय, त्यावर तुमी नाक मुरडलावता. पिंपातलं पाणी संपलं, पेटीतलं जरा बदलायचं हुतं. सावित्रम्माच्या बोअरचं तांब्याभर घातलं. सांजपातुर नर काळवंडला, पंख मिटले, कल्ले धापा टाकल्यागत. इसूफभाईंच्या दुकानाकडं रिक्षा केली. गर्दीत रिक्षा हालंना, मी उतरून चालत गेले.

सना म्हणली, "नानी, बोअर का पानी नमकीन, भारी. इनकू नरम पानी होना." हे मासे सिक्लिड जातीचे, माझ्या जिभेला वळत न्हाई, पर लांब दक्षिण अमेरिकेतल्या नदीतले. तितं झाडांची पानं नदीत पडत्यात, कुजत्यात, पाणी चहासारखं व्हतं. त्या पाण्यात हे सुखी. म्हणून आता मी पिंपात मुरलेलं नळाचं पाणी आन् पिण्याच्या मशीनचं पाणी मिसळून घालते, तेबी थोडं थोडं, आतल्या पाण्याइतकं कोंबट करून. आन् देशी बदामाची वाळकी पानं. बदाम सावित्रम्माच्या अंगणातच हाय.

पान सोडताना ती म्हणली, "अक्का, माशाला पत्रावळ वाढता काय?"

मी म्हणलं, "व्हय, पंगत बसायची हाय, तू वाढायला ये."

चार दिसात पाण्याला असा रंग चढला, विहीणबाई, कोऱ्या चहाचा. नर निळा झाला. मी रोज पेटीपुढं बसून माझा चहा घेते, दोघांचा रंग सारखा.

आनखी एक गंमत. मासे डासाच्या अळ्या लई आवडीनं खात्यात, म्हणून मागल्या दारी एक बादली उघडी ठिवली. महापालिकेकडनं डेंगीची तपासणी करणारी बाई आली. बादलीत बघितलं आन् कपाळाला हात लावला. "आजी, या अळ्या आहेत."

"व्हय की, चांगल्या वाढल्यात."

"ओतून टाका."

"अगं, त्यांचं जेवान हाय ते."

लई बोलली ती मला. बरोबर बोलली, पोरीचं कामच हाय ते. तिच्या देखत बादली उपडी केली. आता सनाकडनं गोठवलेल्या अळ्यांच्या वड्या आणते. एकादशीला माझ्यासंगं मासे बी उपाशी असत्यात. सना म्हणली, चांगलं हाय नानी, पोट साफ राहतं, पाणी बी.

तर दिवाळी जवळ आली. ह्यापुढं पाकीट वापरावं का पोस्टकार्ड, ह्या इचारात हाय. पाकीट तुमी एकट्याच फोडता. कार्ड पोस्टमन वाचतो, वॉचमन वाचतो, आन् रुजू कॉलेजातनं येताना खालच्या डब्यातनं टपाल काढती, असं रेश्मा म्हणली.

तुमच्या भल्याची,
सारजाबाई


(पोस्टकार्ड)
सोलापूर, २२ ऑक्टोबर २०२४

चंद्रिकाबाईंना नमस्कार. हितं सगळी खुशाल. मासे खुशाल. हे कार्ड हाय, चार माणसं वाचत्यात, म्हणून जास्त लिवत न्हाई. एक चौकशी हाय. तुमी लिंबाच्या वासाचा पातळ साबण वापरता त्याचं नाव काय? काचंला लई चांगला असतो असं आठवतंय. दिवाळीची साफसफाई झालीच असंल. रुजूला आशीर्वाद.
सारजाबाई


सोलापूर, ६ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई,

दिवाळी झाली. रुजू आली न्हाई. तुमी तिला घेऊन महाबळेश्वरला गेलासा. चांगली थंड हवा असती तितं. मी काय वाट बघत न्हवते. शेंगदाण्याचे लाडू जास्त झाले ते सावित्रम्माच्या घरी गेले, तिच्या मागावरची माणसं खाऊन दमली.

कार्ड तुमाला लागलं म्हणं. रेश्मा सांगत हुती, "आई कार्ड घेऊन बाथरूममध्ये गेली आणि अर्धा तास बाहेर आली नाही." आन् रुजूनं इचारलं, "कसलं कार्ड?" तर तुमी म्हणालासा, लाइट बिल. लाइट बिल पोस्टकार्डावर येतं हे नवीनच.

सांगितलं मात्र न्हाई तुमी. तीन शबुद जिभेला जड झाले.

बरं, माझं ऐका. लक्ष्मीपूजनाच्या दिशी मादीनं अंडी घातली. एक सपाट दगूड हाय, तो दोघांनी मिळून तोंडानं पुसला. तुमच्याकडं फरशी पुसत्यात तसा, पर बिनसाबणाचा. त्यावर मोहरीपेक्षा बारीक अंडी. दोघं आळीपाळीनं पंखानं वारा घालत हुती. मी बत्तासे, लाह्या ठिवल्या, दिवा लावला, लक्ष्मी आली म्हणलं. दुसऱ्या दिशी बघते तर दगूड रिकामा. आई-बापानंच खाल्ली. मी एवढी रडले की सावित्रम्मा धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं.

सना म्हणली, "पैली बार ऐसाच होता नानी. बच्चे हैं वो खुद. सीखते." पहिलटकरीण हाय, शिकंल.

ही सना हुशार. तिनं अंड्यांचा, वारा घालतानाचा व्हिडिओ काढलावता. तो तिनं माझ्या फोनवरनं रुजूला धाडला. मी म्हणलं, कशाला गं, ती बघायची न्हाई.

रात गेली. सकाळी उत्तर. सनानं वाचून दाखवलं, मंग मी स्वतः अक्षर अक्षर लावून वाचलं. "आज्जी, दगडाला हात लावू नकोस. जागा बदलू नकोस. परत घालतील."

सहा महिन्यांत पोरीनं पयल्यांदा मला काम सांगितलं. मी दगडाला हात लावला न्हाई. त्या खोलीत केर बी हळू काढते.

आता तुमची मुदत संपली. पण मला घाई न्हाई राहिली. तुमाला का असंल तर बघा.

सारजाबाई


सोलापूर, १९ जानेवारी २०२५

विहीणबाई,

गड्ड्याची जत्रा झाली. अभिमन्यू रुजूला घेऊन आलावता, तुमाला ठाऊक हाय, निघताना तुमी पोरीला म्हणालासा, "आजीच्या मागे लागून जुनं काही उकरू नको." ते बी मला कळलं. मला सगळं कळतं, रेश्मा तुमची लेक असली तरी माझी सून हाय आन् तिला बोलायला आवडतं.

पोरगी घरात आली ती चपला न काढता पेटीपुढं उभी. मी स्वयंपाकघराच्या दारात. पोळी तव्यावर करपली, मी हाललेच न्हाई.

"आज्जी, पाणी घाण झालंय."

"घाण न्हाई ती. पान हाय त्यात."

"बदामाचं?"

"व्हय."

मंग ती खाली बसली. डिसेंबरात जोडीनं परत अंडी घातली, ह्या येळी खाल्ली न्हाईत. पिल्लं राईच्या दाण्यागत हुती, आई-बाप त्यास्नी तोंडात उचलून एका जागेवरनं दुसऱ्या जागी न्यायचे. आता जिऱ्याएवढी झाल्यात. रुजू मोजायला लागली आन् मोजायचं सोडून दिलं. जोडीचं नाव काय म्हणली. मी म्हणलं, नाव ठिवायला तू यायचीस म्हणून ठिवली न्हाईत. तिनं काचंला बोट टेकवलं. मंग म्हणली, "भिमा आणि सीनाच."

दुसऱ्या दिशी मी स्पंज धुवायला काढला. धुवायचा म्हणजे पेटीतलंच पाणी बादलीत घ्यायचं, त्यात एकदाच पिळायचा, नळ दाखवायचा न्हाई. रुजू बघत हुती. म्हणली, "आज्जी, त्या दिवशी तू खरंच भाकरी टाकलीवतीस का?"

"न्हाई."

"मग?"

विहीणबाई, तुमचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर हुतं, गुळाच्या खड्यासारखं. तिथंच विरघळलं. मी म्हणलं, "मंग काय ते मी डोळ्यानं बघितलं न्हाई. मी वेळापूरला हुते."

तुमच्यावर दया आली असं समजू नका. मी सांगितलं असतं तर तुमी रडला असता. रुजूनं तुमाला जवळ घेतलं असतं. तुमी म्हणाला असता, "मी मायेनंच धुतली गं." आठ दिसात सगळं मिटलं असतं. मला आठ दिसाचं नकोवतं.

म्हणून मी माझी जोडी तुमच्याकडं धाडली. पिल्लं माझ्याकडं, जोडी पुण्याला. आमच्या सनाच्या दुकानातनं रुजूसाठी नवी पेटी घेतली, अर्धा स्पंज आमचाच कापून दिला, जुन्या पाण्याचे कॅन भरले, पानांचा बिंडा बांधला. अभिमन्यू कुरकुरला, गाडीत पाय ठिवायला जागा न्हाई म्हणून. निघताना मी रुजूला म्हणलं, "तू दिसभर कॉलेजात. आई-बाबा नोकरीवर. घरी चंद्रिकाआजी. तिच्याएवढी निगुतीची बाई मी बघितली न्हाई. तिच्यावरच सोपव." तुमचं नाव मीच सुचवलं, बरं का.

पेटी हॉलात ठिवली म्हणं, पांढऱ्या सोफ्याजवळ. शोभा आली असंल.

सूचना रुजूनं लिवून फ्रिजवर लावल्यात, तरी सांगते. साबण, फिनेल, उदबत्ती, मच्छर मारायचा फवारा, कायबी जवळ न्यायचं न्हाई. आतल्या काचंवरचं हिरवं तसंच राहू द्यायचं. पान कुजून जाळी झाली तरी काढायचं न्हाई. तुमचा हात शिवशिवंल, मला ठाऊक हाय. सोफ्यावर हात बांधून बसायचं.

तुमच्या माशांची आज्जी,
सारजाबाई


सोलापूर, २ एप्रिल २०२५

विहीणबाई,

तुमाला पाडव्याच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या. तुमचा पाडवा कसा झाला ते रुजूकडनं ऐकलं, सावित्रम्माला ऐकवलं, सनाला ऐकवलं, आता तुमालाच ऐकवते, कारण तुमी त्यात हुता तरी मजा तुमाला आली नसंल.

आदी मागचं. भिशीच्या बायका आल्यावत्या तुमच्याकडं. एक म्हणली, "चंद्रिकाताई, हे गटाराचं पाणी हॉलमध्ये का ठेवलंय?" तुमी म्हणालासा, "नातीची हौस." दुसरी म्हणली, "तुमच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं हो." अडीच म्हैने तुमी त्या पेटीपुढं हात बांधून बसलासा. रुजू म्हणते, चंद्रिकाआजी रोज भिंगातनं बघती, मासे खात्यात का, श्वास घेत्यात का, तिला फोन करती मधल्या सुट्टीत. तुमची दुपारची झोप गेली. बरं वाटलं ऐकून. माझी बी गेलीवती.

आता पाडवा. तुमी पहाटे उठून फरशी पुसता हे सगळ्या पाहुण्यांत ठाऊक हाय. रोज स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या उजेडात पुसता, मासे झोपलेत म्हणून. त्या दिशी गुढीची तयारी करायची, रांगोळी काढायची, म्हणून हॉलातला मोठा दिवा लावला. आन् बघता तर भिमा आन् सीना तळाला टेकलेले. रंग न्हाई, निळं न्हाई, अंगावर राखाडी डाग. हालत न्हाईत.

रुजू सांगत हुती, तुमी तिच्या खोलीत पळत गेलासा, गुडघा विसरून. तिला गदागदा हालवलं. म्हणालासा, "रुजू, ऊठ गं. ह्या वेळी मी साबण लावला नाही. देवाशपथ, ह्या वेळी नाही लावला."

पोरगी उठून बसली. म्हणली, "ह्या वेळी?"

हे मी तुमाला कितीदा सांगू. मला झोपताना बी हसू येतंय.

तुमी मंग सगळंच सांगितलंसा. घासणी, लिंबाचा साबण, स्पंज नळाखाली पिळला, वरनं भाकरी. सांगून झालं, तुमी दोघी रडलासा, आन् तवर तिकडं उजाडलं, भिमा उठला, निळा झाला, काचंशी येऊन तोंड उघडझाप करायला लागला. जेवायला मागत हुता.

रॅम झोपले की रंग टाकत्यात. तळाला टेकून निपचित पडत्यात. अंधारातनं एकदम दिवा लावला की मेल्यासारखे दिसत्यात. पयल्यांदा बघितलं तवा मी बी किंचाळले हुते. हे तुमाला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, ठिवलं. संक्रांतीपासनं रोज वाट बघत हुते. फेब्रुवारी गेला, होळी गेली, मला वाटायला लागलं ही बाई अंधारातच पुसते का काय जल्मभर.

इकडं आमी गुढी उभी करत हुतो. फोन वाजला. रुजू. "आज्जी, तू मला सांगितलं का नाहीस गं?"

मी म्हणलं, "तुला भाकरी पटलीवती. साबण पटला असता का?"

तिकडनं नुसतं नाक वढल्याचा आवाज. मंग म्हणली, "नाही पटला असता." खरं बोलती पोरगी. मंग म्हणली, "मी मे महिन्यात येऊ? पूर्ण महिना?"

गुढीला बांधलेली साखरंची माळ मी तितंच तोडून तोंडात टाकली. नैवेद्य व्हायचा हुता अजून. देव समजून घेईल, त्यानं बी एवढे दिस वाट बघितलीया.

तर आता सोय अशी हाय. मे महिनाभर रुजू हितं. पिल्लं मोठी झाल्यात, त्यांच्या जोड्या लावायच्यात, तिला काम हाय. भिमा आन् सीना मात्र हलवायचे न्हाईत. उन्हाळ्यात गाडीत पाणी तापतं, असले नाजूक मासे वाटंत मरत्यात. ते तितंच, तुमच्यापाशी. अभिमन्यू आन् रेश्मा नोकरीला. म्हणजे तुमी आन् ते. पाणी लई तापलं तर बाटलीत बर्फ करून ती बाटली वर तरंगत ठिवा, बर्फ सुट्टा टाकू नका. दर आठवड्याला थोडं पाणी बदला, मुरलेलं. बदामाची पानं टपालानं धाडते, जुनी तशीच राहू द्या, नवी वरनं सोडा. त्यांच्यापुढं रोज बसा. वळख झाली की ते माणसाकडं बघत्यात.

तुमचा फोन आलावता काल. तुमी माफी मागितलीसा, लई येळ बोललासा, मी सगळं ऐकलं. ते पोचलं. मी कायच बोलले न्हाई म्हणून तुमी रेश्माला म्हणालासा, विहीणबाई अजून रागात हायत का?

माफी देते का न्हाई ते मला बी ठरवायचंय. रॅम चांगले ठिवले तर तीन-चार वर्षं जगत्यात, सना म्हणते. तवर काय घाई हाय.

सारजाबाई